गळ्यातला हार आणि खिडकीवरचा दगड

मंडळी, आजचा विषय खेळाडूंचा आहे, पण धावा आणि बळींची उजळणी करायला आम्ही इथे उभे नाही. तो हिशेब तुमच्यापैकी कितीतरी जणांना आमच्यापेक्षा जास्त पाठ असेल. आम्हांला बोलायचंय ते खेळाडूंविषयी बोलणाऱ्यांबद्दल, म्हणजे आपल्याचबद्दल. फलंदाज शून्यावर बाद झाला की चाळीच्या गॅलरीतून जो पहिला उद्गार निघतो, "काढा याला", तो काढण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला हे आपण कधी विचारत नाही. तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे असंच धरून चालतो. या हक्कालाही इतिहास आहे, आणि तो गिरगावापासून हाकेच्या अंतरावर घडलेला आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. टीकेला पत्ता असतो. हरल्यावर, चुकल्यावर, अन्याय झाल्यावर माणसं संतापतात, ते ठीकच आहे. पण तो संताप कुणाच्या दारात जाऊन उभा राहतो? समितीच्या? कर्णधाराच्या? की एखाद्याच्या जातीच्या, धर्माच्या, घराच्या दारात? मुंबईच्या क्रिकेटचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाने चाळून पाहिला तर वेगळंच काही हाती लागतं.

आधी भूगोल डोळ्यांसमोर आणू. चर्नी रोड किंवा मरीन लाइन्सला रेल्वेचे रूळ ओलांडले की समुद्राच्या बाजूला जिमखान्यांची रांग लागते. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने एकेका समाजाला एकेक तुकडा दिला आणि मैदानंसुद्धा धर्मानुसार वाटली गेली. हिंदू जिमखाना १८९४ चा. पुढे चर्चगेटकडे निघालात की वानखेडे, त्याच्या पलीकडे ब्रेबॉर्न. धोबीतलावाकडे वळलात तर सेंट झेवियर्स, आणि मग आझाद मैदान, तिथलं बॉम्बे जिमखान्याचं मैदान. उलट दिशेला ग्रँट रोड ओलांडलंत की चिखलवाडी, जिथल्या भागीरथी इमारतीत सुनील गावसकर वाढले. एवढ्या टापूत खेळाडू घडतो, खेळतो, निवडला जातो, वगळला जातो, आणि ज्यांनी त्याला डोक्यावर घ्यायचं किंवा खाली आपटायचं तीही माणसं इथेच राहतात. पायी जाण्याच्या अंतरावरचा नायक ही मुंबईची खासियत आहे. अजित वाडेकरांच्या क्रिकेटची सुरुवातच मुळी बसमध्ये झाली. एल्फिन्स्टन कॉलेजला जाताना बाळू गुप्त्यांनी त्यांना विचारलं, आमच्या संघात बारावा गडी म्हणून येतोस का, दिवसाला तीन रुपये मिळतील. तीन रुपये काही कमी नव्हते, वाडेकर गेले. आता ज्याला आपण बसमध्ये पाहिलंय, त्याच्यावर टीका करायला संकोच कसला वाटणार?

पण सुरुवात बसच्याही आधीची आहे. सुरुवात बाळू पाळवणकरांपासून.

बाळू पाळवणकर हे नाव आता पुन्हा लोकांच्या तोंडी येऊ लागलंय, हे चांगलं झालं. चांभार समाजात १८७६ साली जन्मलेला हा माणूस. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात मैदानाची कामं करता करता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागला. डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यातल्या हिंदू संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. चेंडू त्याच्या हातातून घ्यायला विटाळ नव्हता, कप त्याच्या हातात द्यायला होता. पुढे ते मुंबईला आले. हिंदू जिमखान्यातल्या काही सभासदांनी त्यांना घ्यायला विरोध केला, कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला आणि बाळू संघात आले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू होते, त्यांचे भाऊ शिवरामही होते. स्वदेशीच्या दिवसांत साहेबाला त्याच्याच खेळात, त्याच्याच अंगणात हरवलं म्हटल्यावर शहरात काय झालं असेल ते सांगायला नको. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला त्याची कामगिरी बेतास बात होती, पण बाळूंनी शंभरावर बळी घेतले.

एवढा मोठा खेळाडू, आणि तरी कर्णधारपद नाही. वर्षामागून वर्षं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. इथे प्रेक्षक हा प्राणी पहिल्यांदा बोलका होतो, आणि आम्हांला वाटतं, शोभेल असा बोलका होतो. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. पहिल्या सामन्याला कर्णधार म्हणून निवड झाली पुण्याच्या दि. ब. देवधरांची. मोठे बाळू संघाबाहेर, आणि विठ्ठल पाळवणकर, जे तोवर हिंदू संघाचे आघाडीचे फलंदाज होते, त्यांना डावललेलं. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढून कारण सांगितलं. खेळाच्या गुणांवर निवड होत नाही, जातीवर होते.

देवधर स्वतः थोर खेळाडू होते, हा वाद त्यांच्या योग्यतेचा नव्हता. रोख जिमखान्याच्या समितीवर होता आणि लोकांनीही तो तिथेच ठेवला. देवधरांच्या घरावर कुणी चालून गेलं नाही. शहरात चर्चा झाली, वर्तमानपत्रांतून लिहून आलं, आणि समितीला पाऊल मागे घ्यावं लागलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परत आले, बाळू उपकर्णधार झाले, भाऊ संघात परतले. त्या सामन्यात पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी हिंदू संघाचं नेतृत्व करावं. हा पैंचा मोठेपणा खराच. पण एखाद्याला त्याचा हक्क असा मागच्या दाराने, अर्ध्या तासाच्या उसनवारीने द्यावा लागतो, यातच सगळं आलं. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. विठ्ठलांचं 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत आहे. क्रिकेटची आवड नसलेल्यांनीही ते वाचावं, इतकंच सांगून पुढे जातो.

पुढे जाताना बाळूंविषयी एक गोष्ट राहायला नको. नायक झाला की त्याची प्रतिमा इतरांच्या उपयोगी पडू लागते. पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत बाळू होते, आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभं केलं ते साक्षात डॉ. आंबेडकरांच्या विरोधात. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. ज्या माणसाला संघाचं कर्णधारपद द्यायला वरच्या जाती तयार नव्हत्या, त्याची लोकप्रियता मात्र मतपेटीसाठी चालली. मतदारांनी तारतम्य दाखवलं असं आम्ही म्हणू. बाळूंना अकरा हजारांवर मतं देऊन मान राखला, आणि निवडून दिलं दुसऱ्याला.

आता ब्रेबॉर्नवर येऊ. मधली तीसेक वर्षं आम्ही ओलांडतोय. त्यात पंचरंगी सामने आले, त्यांतली हजारे-मर्चंट यांची धावांची चढाओढ आली, गांधीजींनी अशा धर्मवार सामन्यांना घेतलेला आक्षेप आला आणि १९४६ मध्ये त्या स्पर्धेचा शेवट आला. हे सगळं एका स्वतंत्र व्याख्यानाचं काम आहे. मैदानावरचे धर्म अधिकृतपणे गेले. पण प्रेक्षकांच्या मनातून गेले का?

जानेवारी १९६०. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ब्रेबॉर्नवर कसोटी. हैदराबादचा वीस वर्षांचा अब्बास अली बेग, ज्याने आदल्या वर्षी ऑक्सफर्डमध्ये शिकता शिकता मँचेस्टरला पदार्पणातच शतक ठोकलं होतं, तो दोन्ही डावांत अर्धशतकं करतो. एक तरुणी कठडा ओलांडून मैदानात धावते आणि त्याच्या गालाचं चुंबन घेते. सगळं स्टेडियम बघतंय. त्या काळाच्या मानाने ही केवढी गोष्ट! क्रिकेटपटू हा देखणा, हवाहवासा वाटणारा पुरुषही असतो, हे मुंबईने त्या दिवशी उघडपणे मान्य केलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानचा संघ आला. बेगच्या धावा झाल्या नाहीत. तीन कसोट्यांत हाती काही लागलं नाही. फलंदाजाचं असं होतं, सगळ्यांचं होतं. पण बेगला जी पत्रं येऊ लागली त्यांत त्याच्या फटक्यांविषयी काही नव्हतं. तू मुसलमान आहेस म्हणून पाकिस्तानविरुद्ध मुद्दाम खेळत नाहीस, असा त्यांचा सूर होता. उरलेल्या सामन्यांतून तो बाहेर झाला आणि पुन्हा कसोटी खेळायला त्याला सहा वर्षं लागली. ही पत्रं एका शहरातून आली नसतील, आणि गिरगावच्या टपालपेटीत त्यांतली किती पडली असतील हे काही आपण मोजू शकत नाही. पण चुंबन ते विखार हे अंतर अकरा-बारा महिन्यांचं होतं, एवढं लक्षात ठेवू. टीकेचा पत्ता इथे साफ चुकलेला आहे. १९२० मध्ये प्रेक्षक जातीच्या विरोधात उभा होता, १९६० मध्ये त्याच्यातलाच कुणीतरी धर्माच्या नावाने निनावी पत्र लिहीत होता.

त्यानंतर आपल्या हातात एक नवं हत्यार आलं. ट्रान्झिस्टर. तोवर मैदानातल्या माणसाला डोळ्यांना दिसेल तेवढंच कळायचं. आता तो डोळ्यांनी सामना बघू लागला आणि कानाने त्याच सामन्याचं समालोचन ऐकू लागला. नोव्हेंबर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ब्रेबॉर्न कसोटीत वेंकटराघवनला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. रेडिओवरचा समालोचक म्हणाला, बॅट लागलीच नव्हती. हजारो ट्रान्झिस्टरांतून ते वाक्य एकाच वेळी स्टँडमध्ये पसरलं, आणि मग बाटल्या, खुर्च्या, आगी. मैदानात घडलं त्यापेक्षा मैदानाविषयी बोललं गेलं त्याने माणसं पेटली, याचं हे मुंबईतलं ठळक उदाहरण. आज खिशात फोन घेऊन हेच चालतं, फक्त समालोचक कोट्यवधी झालेत.

आणि आता वाडेकर. आमच्या आजच्या बोलण्याचा खरा गाभा हाच आहे, तेव्हा जरा निवांत बोलू.

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. स्टेट बँकेत नोकरी करणारा, मितभाषी, जरा झोपाळू वाटणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस. नवाबाच्या जागी बँकेतला अधिकारी! दादर-गिरगावच्या घरांतून याचा जो आनंद झाला तो फक्त क्रिकेटचा नव्हता. आपल्यासारखाच दिसणारा, आपल्यासारखाच बोलणारा माणूस देशाचा कप्तान झाला होता. लोक त्याला कौतुकाने बघत होते, आणि थोडा संशयही होता की याला जमेल का.

जमलं. वेस्ट इंडीजमध्ये पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी सात गडी राखून जिंकली आणि मालिका १-० ने खिशात. चिखलवाडीच्या गावसकरांनी पदार्पणाच्या त्या मालिकेत ७७४ धावा केल्या. मग इंग्लंड. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं, आणि १७३ धावांचं लक्ष्य भारताने चार गडी राखून गाठलं. तारीख २४ ऑगस्ट १९७१, दिवस गणेश चतुर्थीचा. तिकडे ओव्हलवर कुणी हौशी मंडळींनी प्राणिसंग्रहालयातून चक्क हत्तीण आणली होती. इकडे, ज्या गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो त्या गिरगावात, तिथली दुपार म्हणजे आपली आरतीची वेळ. स्वतः वाडेकर त्या दिवशी सकाळीच धावबाद झाले होते आणि विजयाच्या क्षणी ड्रेसिंगरूममध्ये चक्क झोपले होते. केन बॅरिंग्टनने त्यांना उठवून जिंकल्याचं सांगितलं. ही गोष्ट त्या वेळी लोकांनी कौतुकाने सांगितली. बघा, कसा थंड डोक्याचा आहे! हीच झोप तीन वर्षांनी लोकांना वेगळी दिसणार होती.

संघ मुंबईत परतला तेव्हा विमानतळापासून मिरवणूक निघाली, उघड्या गाड्या, दुतर्फा गर्दी, हारांचे ढीग. इंदूरला त्या विजयाचं स्मारक म्हणून मोठी काँक्रीटची बॅट उभारली गेली. १९७२-७३ मध्ये इंग्लंडला घरच्या मैदानावरही हरवलं. लागोपाठ तीन मालिका. आपल्या देशाला जिंकण्याची सवय नव्हती. ती लागली, आणि सवय लागली की माणूस कृतज्ञ राहत नाही.

मग १९७४ चा उन्हाळा. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे सुरुवातीचा गारठा, ढग, ओल्या खेळपट्ट्या. ओल्ड ट्रॅफर्डला ११३ धावांनी हार. त्या सामन्यात गावसकरांचं शतक होतं, ते विसरू नये. मग लॉर्ड्स. इंग्लंडच्या ६२९ पुढे आपल्या ३०२. फॉलोऑन. आणि २४ जून रोजी सतरा षटकांत सगळे बाद ४२. एकनाथ सोलकर नाबाद १८, दुहेरी आकडा गाठणारा तो एकटाच. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. सगळी वडीलधारी मंडळी ढासळत असताना तो एका बाजूला उभा होता. हार एक डाव आणि २८५ धावांनी. तिसरी कसोटीही डावाने गेली.

मैदानाबाहेर आणखी दोन प्रसंग घडले. भारतीय उच्चायुक्तांकडच्या मेजवानीला संघ उशिरा पोहोचला आणि उच्चायुक्तांनी संघाला परत पाठवलं. दुसरा प्रसंग जास्त वाईट. सुधीर नाईक या मुंबईच्या सलामीच्या फलंदाजावर लंडनमधल्या एका मोठ्या दुकानातून मोज्यांचे दोन जोड उचलल्याचा आरोप आला. प्रकरण वाढू नये म्हणून त्यांना गुन्हा कबूल करायचा सल्ला दिला गेला, त्यांनी तो मानला, आणि मग जन्मभर तो शिक्का. १९७०-७१ च्या मोसमात सगळे मोठे खेळाडू वेस्ट इंडीजला गेलेले असताना याच नाईकांनी मुंबईच्या उरल्यासुरल्या संघाचं नेतृत्व करून रणजी करंडक जिंकून दिला होता. बर्मिंगहॅमला कसोटी पदार्पणात दुसऱ्या डावात ७७ धावाही केल्या होत्या. पण लोकांना लक्षात राहिले मोजे. गावसकरांनी 'सनी डेज' या आत्मचरित्रात नाईकांची बाजू घेतली, याचा आम्हांला आदर वाटतो. सहकाऱ्यावर शिंतोडे उडत असताना लिहून बाजू घेणं सोपं नसतं.

आणि वाडेकर? त्यांच्या घरावर दगड आले. इंदूरच्या त्या बॅटीला डांबर फासलं गेलं. तीन वर्षांपूर्वी ज्या हातांनी हार घातले त्यांतलेच काही हात या दगडांमागे असतील, असं मानायला फारशी हिंमत लागत नाही. मराठीत गळ्यातला तो हार आणि पराभव तीही हार. आपल्या लोकांनी त्या दोन शब्दांमधलं अंतर तीन वर्षांत कापून दाखवलं.

दगड मारणाऱ्यांना आपण दोष देऊच. पण जरा मंडळाकडे बघा. त्या दौऱ्यात संघात गट पडले होते हे उघड होतं. आखणी, हवामान, तयारी, सगळ्याचीच चौकशी करता आली असती. मंडळाने काय केलं? इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीला मुलाखत दिली म्हणून बेदींना पुढच्या मोसमातल्या बेंगळुरूच्या कसोटीतून वगळलं. आणि वाडेकरांना पश्चिम विभागाच्या निवड समितीने दुलीप करंडकाच्या संघातूनही काढलं. भारताचा कप्तान म्हणून परतलेला माणूस काही आठवड्यांत आपल्या विभागाच्या अकरा जणांतही बसेना. वाडेकरांनी निवृत्ती जाहीर केली. वय तेहतीस.

आम्हांला या दोन दगडांपैकी दुसरा जास्त टोचतो. खिडकीवर दगड मारणारा निदान रस्त्यावर उभा होता, दिसत होता. समितीचा दगड बंद खोलीतून आला, त्याची काच फुटल्याचा आवाजही झाला नाही. आणि लोकांचा राग खिडकीवर खर्ची पडल्यामुळे त्या खोलीपर्यंत कुणी पोहोचलंच नाही. १९२० साली पाळवणकर बंधूंनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी जे बरोबर ओळखलं होतं, की प्रश्न निर्णय घेणाऱ्यांना विचारायचा असतो, ते चोपन्न वर्षांनी याच शहराच्या ध्यानात राहिलं नाही.

कुणी म्हणेल, हे प्रेमच होतं, जास्त अपेक्षा होत्या म्हणून जास्त राग आला. हा युक्तिवाद आपल्याकडे फार चालतो. घरच्या माणसाला आपण बोलत नाही का? बोलतो. पण घरच्या माणसाच्या घरावर दगड मारत नाही. वाडेकरांच्या बाबतीत जवळीक होती हे खरं, आणि तिचाच हा दुसरा चेहरा. पतौडींच्या महालावर कोण जाणार होतं? बँकेतल्या माणसाचा पत्ता सगळ्यांना माहीत होता.

गावसकरांनी हे सगळं जवळून पाहिलं. ४२ च्या त्या डावात त्यांच्या धावा ५ होत्या. आमचा अंदाज असा की पुढचे गावसकर, म्हणजे शब्दाला शब्द देणारे, पैशाचा आणि मानाचा हिशेब चोख ठेवणारे, मंडळाला ऐकवणारे, हे त्या उन्हाळ्यात घडले. एक वर्षाने, ७ जून १९७५ ला, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात इंग्लंडच्या ३३४ धावांना उत्तर देताना त्यांनी साठ षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या. प्रेक्षक वैतागून मैदानात आले. त्या खेळीवर टीका व्हायलाच हवी होती, आणि झाली. इथे टीकेचा पत्ता बरोबर होता. ज्याने बॅट धरली होती त्यालाच विचारलं गेलं, हे काय केलंस? गावसकरांनीही पुढे ती आपली अत्यंत वाईट खेळी असल्याचं मान्य केलं.

पण गावसकर वाडेकरांसारखे गप्प बसणारे नव्हते. ते लिहीत होते, जाहिरातीत दिसत होते, मराठी गाणं गात होते, १९८० मध्ये 'सावली प्रेमाची' या मराठी चित्रपटात नायक म्हणून पडद्यावर आले. चित्रपटाविषयी आम्ही न बोलणंच बरं. प्रतिमा म्हणजे काय आणि ती आपल्या हातात कशी ठेवायची, हे कळलेला हा आपल्याकडचा पहिला खेळाडू. १९८४-८५ मध्ये कोलकात्याला, कपिल देवला वगळल्याच्या रागात ईडन गार्डन्स त्यांच्यावर उलटलं तेव्हा त्यांनी इथे पुन्हा खेळणार नाही असं ठरवलं, आणि १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्ध तिथे खरंच खेळले नाहीत. सलग १०६ कसोट्यांची साखळी त्यासाठी तोडली. प्रेक्षक खेळाडूवर बहिष्कार घालतात हे आपल्याला माहीत होतं. खेळाडूने प्रेक्षकांवर घातलेला हा बहिष्कार. तो योग्य होता का? मुंबईत तेव्हा बहुतेकांना योग्य वाटला, कारण प्रेक्षक कोलकात्याचे होते. आमचं मत विचाराल तर कर्णधाराने रागावलेल्या मैदानाला पाठ दाखवू नये. पण दहा वर्षांपूर्वीच्या त्या फुटलेल्या काचा आठवल्या की आम्ही हे मत जरा हळू आवाजात मांडतो.

आपल्या वानखेडेवर तरी काय वेगळं झालं? मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध सचिन तेंडुलकर पहिल्या डावात २१ चेंडूंत १ धाव करून परतत होता तेव्हा स्टँडमधून हुर्यो उडाली. सचिन! वानखेडेवर! दुसऱ्या दिवशी शहरातल्या निम्म्या लोकांना लाज वाटली आणि उरलेल्यांनी आपण तिथे नव्हतोच असं सांगितलं. एवढ्यावर भागलं, घरावर कुणी गेलं नाही, आणि एक हुर्यो सहन करणं हा व्यवसायाचा भाग आहे. मैदानातली टीका मैदानात राहिली, असं आम्ही त्याकडे बघतो.

वाडेकर १९९० च्या दशकात पुन्हा भारतीय संघाबरोबर आले, व्यवस्थापक म्हणून. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना प्रेक्षकांच्या जाळपोळीमुळे थांबवून श्रीलंकेला बहाल केला गेला तेव्हा ते तिथेच होते. बाटल्या पडताना बघत त्यांच्या मनात काय आलं असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. १५ ऑगस्ट २०१८ ला ते गेले. वर्तमानपत्रांतून १९७१ वर रकानेच्या रकाने आले, १९७४ वर दोन ओळी.

आणि सुधीर नाईक. ते मैदानाची निगा राखणारे झाले. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने षटकार मारला आणि गिरगाव चौपाटीपासून मरीन ड्राइव्हभर रात्रभर माणसं नाचली, त्या सामन्याची खेळपट्टी नाईकांनी तयार केली होती. त्या रात्री त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. खेळपट्टी चांगली असली की क्युरेटरचं नाव कुणी घेतच नाही. २०२३ मध्ये ते गेले, आणि मृत्यूच्या बातम्यांत मोजे पुन्हा आलेच.

आमची वेळ संपत आली. सोलकरांविषयी आणि शिवाजी पार्कच्या मंडळींविषयी बोलायचं राहिलं, हे आम्हांला ठाऊक आहे. दादरचे श्रोते मागच्या रांगेतून तसं खुणावतही आहेत. प्रश्नांसाठी दहा मिनिटं ठेवलीत. विचारा.